दुसऱ्यांच्या महिन्यात

रमजानच्या आधीचा शाबान महिना संपत आला की कुवेतमधल्या भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. दरवर्षी तोच, फक्त वरचं चंद्रकोरीचं चित्र बदलतं. दिवसा बाहेर खाऊ नका, पाणी पिऊ नका, सिगारेट ओढू नका, च्युइंगम चघळू नका, गाडीत बसूनही नाही. पकडले गेलात तर 100 दिनारपर्यंत दंड, महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. मेसेज खरा आहे. 1968 सालचा 44 क्रमांकाचा कायदा हेच सांगतो, आणि खाणाऱ्याला मदत करणाऱ्यालाही तो सोडत नाही. खाली कुणीतरी हात जोडल्याची इमोजी टाकतं, कुणीतरी ‘कृपया पुढे पाठवा’ म्हणतं, आणि रमजानची आपली तयारी झाली असं आपण समजतो.

या मेसेजबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यात चुकीचं काही नाही, पण तो वाचून वाटतं की या महिन्यात परक्या माणसाकडून एवढीच अपेक्षा आहे: तोंड बंद ठेवा. खरं तर हा सगळ्यात सोपा भाग. सकाळी घरूनच पोटभर खाऊन निघायचं, बाटली बॅगेत आत ठेवायची, गाडीच्या कप-होल्डरमध्ये नाही. चार दिवसांत अंगवळणी पडतं. अवघड आहे ते पुढचं, आणि त्याचा मेसेज कुणी पाठवत नाही.

आमच्या ऑफिसात रमजानच्या आदल्या दिवशी पॅन्ट्रीच्या काचेच्या दाराला आतून तपकिरी कागद चिकटवतात. मग महिनाभर एक वाजला की आम्ही काहीजण डबे घेऊन त्या दाराआड जातो: केरळी, फिलिपिनो, लेबनीज ख्रिश्चन आणि मी. मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करायचे नाहीत, हा अलिखित नियम. फोडणीचा वास कॉरिडॉरभर जाईल असं काहीच डब्यात आणायचं नाही. त्या महिन्यात माझा डबा म्हणजे दहीभात किंवा सँडविच. आम्ही आत जाताना सगळ्यांना दिसतो, तोंड पुसत बाहेर येतानाही दिसतो. आमचे कुवेती साहेब नेमके त्याच वेळी समोरून येतात आणि फाइलबद्दल काहीतरी विचारून पुढे जातात. डब्याकडे त्यांची नजर कधी वळलेली मी पाहिली नाही.

नव्याने आलेल्या माणसाला हे ढोंग वाटतं. सगळ्यांना सगळं माहीत आहे, मग कागद कशाला? मला ते ढोंग वाटत नाही. कुणी कुणाला फसवत नाही, फक्त दोन्ही बाजूंनी थोडं न बघितल्यासारखं करायचं ठरलेलं आहे. एकमेकांना चिकटून राहणाऱ्या माणसांना असं न बघणं यावंच लागतं. एकाच खोलीत चौघं राहणाऱ्या कामगारांना विचारा.

‘तू खा गं, तुझ्या खाण्याने माझा रोजा थोडाच मोडतो,’ असं सांगणारेही पुष्कळ भेटतात. शेजारच्या टेबलावरची इजिप्शियन मैत्रीण दर रमजानात मला हे सांगते आणि मनापासून सांगते. समोर अन्न असताना राखलेला संयम जास्त मोलाचा, असंही तिचं म्हणणं. मी ‘शुक्रन हबीब्ती’ म्हणते आणि पॅन्ट्रीतच जाते. तिने मोठं मन दाखवलं, हा तिचा मोठेपणा. तो लगेच वापरून टाकायची मला काही घाई नाही.

कायदा नसता तर लोक कसे वागले असते, हा प्रश्न मला पूर्वी पडायचा. त्याचं थोडंफार उत्तर दुबईने दिलं. 2021 साली तिथल्या प्रशासनाने हॉटेलांना रमजानात दिवसा पडदे लावायची सक्ती काढून टाकली. तिथे राहणारी माझी मावसबहीण सांगते की तरीही बरेच लोक आतलंच टेबल निवडतात, आणि चालता चालता कॉफी पिणारे फारसे दिसत नाहीत. कुवेतने तसंच करावं असा माझा आग्रह नाही. तो या लोकांचा निर्णय, इथे कितीही वर्षं राहिलं तरी आपण इकामावरचे, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरचे. पण कायद्यामुळे एक गोष्ट हरवते असं मात्र वाटतं. भीती आणि आदर बाहेरून अगदी सारखे दिसतात. बाटली बॅगेत ठेवणारी मी नेमकी कशामुळे ठेवते आहे, हे समोरच्याला कळायला वावच नाही.

एका बाबतीत मी अजिबात गप्प बसत नाही. रमजान उन्हाळ्यात येतो तेव्हा बांधकामावरच्या बिगर-मुस्लिम कामगाराने पाण्यासाठी कुढत बसावं, ही अपेक्षा कुणीही करू नये, आणि समजूतदार मुसलमान करतही नाहीत. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला इथे बंदीच आहे, पण सकाळी दहालाही पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. साइटवर पत्र्याची शेड असते, तिथे आत जाऊन पाणी प्यावं, वाटेल तेवढं प्यावं. ज्याच्या जिवावर बेतेल त्याला रोजा सोडायची मुभा खुद्द त्यांच्या धर्माने दिली आहे. मग ज्याचा रोजाच नाही त्याला कोरड पडू देणं कुठल्या आदरात बसतं?

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, साधारण 354 दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि जवळपास 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2015 मध्ये तो जूनच्या मध्यावर सुरू झाला होता. पहाटे सव्वातीनच्या आसपास फज्र (पहाटेची नमाज), संध्याकाळी पावणेसात उलटून गेल्यावर मगरिब (सूर्यास्ताची): साडेपंधरा तास अन्न नाही, पाणी नाही, आणि बाहेर भट्टी. आता तो हिवाळ्याच्या शेवटाकडे आला आहे आणि रोजा साधारण तेरा तासांत संपतो. उन्हाळ्यातले रमजान ज्यांनी इथे काढलेत त्यांना आताचे रमजान सुट्टीसारखे वाटतात. रोजा धरणाऱ्यांनाच नाही, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनाही. त्या वर्षांत दुपारी दोननंतर माणसांचे आवाज खाली गेलेले असत. बोलायला जीभ ओली लागते हे मला तेव्हा कळलं.

आता त्या अवघड भागाकडे येते. रमजानात परक्या माणसाला सांभाळायचं असतं ते मुख्यतः दुसऱ्याचं घड्याळ. 29 शाबानच्या संध्याकाळी चंद्रदर्शनाची समिती बसते, आणि उद्यापासून रमजान की परवापासून, हे रात्री टीव्हीवर कळतं. त्या एका घोषणेने आख्ख्या देशाचा दिवस उलटा होतो. ऑफिसची वेळ बदलते, शाळेची बदलते, जेवण रात्रीवर जातं, झोप दिवसावर. तरावीहची नमाज रात्री, भेटीगाठी त्यानंतर, पहाटे सहरी. आपला दिवस मात्र तसाच, सकाळी सहाला उठणारा आणि रात्री अकराला झोपणारा. दोन वेगवेगळ्या वेळांतली माणसं एकाच ऑफिसात बसलेली असतात, हे ज्याला कळलं त्याचे निम्मे घोळ मिटतात.

म्हणजे काय, तर डोक्याला ताण देणारी बैठक सकाळी अकराच्या आत उरकायची. पहिल्या तीन दिवसांत कुणाशी वाद काढायचा नाही, कारण चहा-कॉफी आणि सिगारेट अचानक सुटलेल्या माणसाचं डोकं त्या दिवसांत ठणकत असतं. दुपारी कुणी खुर्चीत डोळे मिटून बसलं असेल तर बसू द्यायचं. संध्याकाळी पाचनंतर कुवेती घरात फोन करायचा नाही, रात्री दहाला केला तर कुणी वाईट मानत नाही. शेवटच्या दहा दिवसांत नवीन कामाची फाइल काढायची नाही. त्या दिवसांत लोक रात्र रात्र नमाजात असतात. 1986 साली उघडलेल्या इथल्या मोठ्या मशिदीकडे सत्ताविसाव्या रात्री लोटणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाकडून सही मागायला जात नाही.

इथल्या 2010 च्या कामगार कायद्याने एरवी आठवड्याला 48 तास काम, रमजानात 36. त्यात धर्म विचारलेला नाही, म्हणून माझाही दिवस दोन तास आधी आटोपतो. हे दोन तास मला दुसऱ्याच्या रोज्यामुळे मिळालेत, याची आपल्यातल्या काहींना फारशी जाणीव दिसत नाही. ‘हे लोक काम करत नाहीत महिनाभर’ असं म्हणत तेच दोन वाजता पंचिंग करून घरी निघतात. मी तर म्हणते, निघण्याआधी शेजारच्या टेबलावरचं दुपारचं किचकट काम एखाद्या दिवशी आपल्याकडे ओढून घ्यावं. त्याचा गाजावाजा करू नये. आकड्यांचे तक्ते जुळवायला पोट भरलेला माणूस केव्हाही बरा.

रस्त्याचंही तसंच. मगरिबच्या आधीचा पाऊण तास फिफ्थ रिंग रोडवर जाऊ नये, एवढा एक सल्ला मी प्रत्येक नव्या माणसाला देते. भुकेली, तहानलेली, झोप अपुरी झालेली माणसं घरच्या दस्तरखानापर्यंत पोहोचायला गाड्या पळवत असतात. मग नाएफ पॅलेसमधली तोफ उडते, टीव्हीवर थेट दिसते, आणि रस्ते ओस पडतात. अडकलातच, तर सिग्नलवर पोरं खजूर आणि पाण्याच्या बाटल्या वाटत येतात. घ्यावं, ‘शुक्रन’ म्हणावं. ‘माझा रोजा नाही’ असं सांगून हात मागे घेणारे सज्जन मी पाहिलेत. देणाऱ्याने तसं विचारलेलंच नसतं. मशिदींच्या अंगणात रोज इफ्तारच्या पंगती बसतात, त्यातही कितीतरी बिगर-मुस्लिम कामगार जेवतात, आणि तिथेही कुणी विचारत नाही.

विचारण्यावरूनच सांगते. ‘आज रोजा आहे का?’ हा प्रश्न आपण फार सहज विचारतो, आणि तो विचारूच नये असं माझं ठाम मत आहे. विशेषतः बाईला. मासिक पाळीत रोजा धरायचा नसतो; गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, आजारी, प्रवासात असलेल्या माणसाला सूट असते. म्हणजे ‘नाही’ या उत्तरामागे बहुतेक वेळा कुणाला सांगायची नसलेली गोष्ट असते. मधुमेह झालेला पन्नाशीचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांनी मनाई केलेली, तो आमच्याच मजल्यावर बसतो आणि गोळी घ्यायला जिन्यात जातो. त्याला भूक लपवायची नसते, आजार लपवायचा असतो. आपल्या पॅन्ट्रीचं दार त्याच्यासाठी उघडं आहे हे त्याला माहीत आहे, पण तो येत नाही. आम्हीही बोलावत नाही. ‘पाणीसुद्धा नाही?’ हा दुसरा लाडका प्रश्न. विचारणाऱ्याला कुतूहल असतं, ते समजतं. पण ऐकणाऱ्याने तो या महिन्यात पाचव्यांदा आणि आयुष्यात हजारव्यांदा ऐकलेला असतो. ‘वजन कमी होतं का?’ याला तर उत्तरच नाही. लुगेमातच्या पाकात बुडवलेल्या गोळ्यांनी भरलेली परात एकदा पाहिली की हा प्रश्न पडायचा थांबतो.

काहीजण सोबत म्हणून एखादा रोजा धरतात. धरावा, कुणाला कमी-जास्त काही होत नाही. त्याचा फोटो मात्र टाकू नये.

आम्ही जाब्रियात एका कुवेती कुटुंबाच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतलेला आहे. खाली घरमालकीण खाला, त्यांच्या दोन सुना, नातवंडं. रमजान लागला की आजूबाजूच्या घरांत शिजलेल्यातलं काही ना काही एकमेकांकडे पाठवतात, त्याला इथे नगसा म्हणतात. आमच्याकडे सुरुवातीला हरीस यायचा, गहू आणि मटण तासनतास घोटलेला. आम्ही शाकाहारी. ते थाळीतलं अन्न टाकणं जिवावर येई आणि सांगणं त्याहून. शेवटी धाकट्या सुनेशी जिन्यात बोलणं झालं तेव्हा सांगितलं. तिने कपाळावर हात मारला, आणि दुसऱ्या दिवसापासून मसुराचं सूप, चीजचे संबूसे आणि लुगेमात यायला लागलं. सांगितल्याने त्यांचा अपमान झाला नाही. नाकारणं वेगळं आणि काय चालतं ते सांगणं वेगळं, हे मला वाटतं दोन्ही बाजूंना कळलं.

भांडं रिकामं परत द्यायचं नाही हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, तेवढं घरूनच आलेलं होतं. मी नारळाच्या वड्या पाठवते, कधी फळं. वेळ मात्र शिकावी लागली. मगरिबच्या तासभर आधी दिलं तर ते त्यांच्या दस्तरखानावर मांडलं जातं. दहा मिनिटं आधी गेलात तर घरातल्या सगळ्या बायका स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये धावत असतात, आणि तरी त्या तुम्हाला आत बोलावणारच. त्यांना त्या पेचात टाकू नये.

आणि ती थाळी वर कोण घेऊन येतं? श्रीलंकेची एक बाई, खालच्या घरात स्वयंपाकाला आहे. पाहुणचाराच्या या महिन्याबद्दल लिहिताना तिला वगळलं तर लिहिण्यात अर्थ नाही. 36 तासांचा तो नियम घरकामगारांना लागू नाही. 2015 साली त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला: दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याला एक सुट्टी. कागदावर तो या भागातल्या बऱ्याच देशांपेक्षा बरा होता. पण रमजानात इफ्तार, मग दिवानियात, म्हणजे घरातल्या बैठकीत, बसलेल्या पुरुषांचा चहा-फराळ, मग मध्यरात्रीच्या आसपासचं गबगा, म्हणजे जमून केलेलं खाणं, मग सहरी. हे सगळं ज्या हातांनी होतं ते हात घरोघरी याच बायकांचे. खालच्या घरची माणसं चांगली आहेत, तिला दुपारी झोपू देतात. सगळीकडे तसं नाही. स्थानिक प्रथांचा आदर करा असं आम्हा परक्यांना सांगितलं जातं, आणि मला ते मान्य आहे. पण प्रथा कुणाच्या झोपेवर उभी आहे याकडेही डोळे मिटायचे, असा त्याचा अर्थ मी घेत नाही. गबग्याचं आमंत्रण आलं तर मी जाते, आणि बारा वाजायच्या आत उठते. निघताना ईदी त्या बाईच्या हातात देते, यजमानांच्या समोर. आणि मगरिबच्या ठोक्याला घरी बिर्याणी मागवणाऱ्या आपल्या लोकांना सांगावंसं वाटतं की मोटरसायकलवरून ती घेऊन येणाऱ्या पोराचाही रोजा असू शकतो. अर्धा तास थांबा.

गबगा म्हणजे गप्पा. परक्या माणसाने तिथे धर्मावर बोलू नये आणि तेलाच्या भावावरही नको. रमजानच्या मालिकांवर बोलावं. इथे वर्षभराचा टीव्ही या एका महिन्यात होतो. हयात अल्-फहाद आणि सुआद अब्दुल्लाह या दोघींची नावं घेतलीत तर कुठल्याही वयाची कुवेती बाई तुमच्याशी तासभर बोलेल. माझे पती पहिल्या दोन-तीन रात्री त्यांच्या साहेबांच्या दिवानियात जाऊन येतात. ‘मुबारक अलैकुम अश्शहर’ म्हणायचं, कॉफी घ्यायची, पुरे झाली की फिंजान हलवायचा, थोडं बसायचं, उठायचं.

हे सगळं एका वर्षी नव्हतं. 2020 च्या मार्चमध्ये कुवेतने मशिदी बंद केल्या आणि अजानमध्येच ‘घरीच नमाज पढा’ असं सांगितलं जाऊ लागलं. एप्रिलच्या शेवटी रमजान लागला तेव्हा तरावीह नाही, दिवानिया नाही, अंगणातल्या पंगती नाहीत. जलीब आणि महबूला, जिथे आपले कामगार दाटीवाटीने राहतात, ते दोन भाग त्याच्या आधीच पूर्ण बंद केलेले होते. 10 मे ते 30 मे सगळा देशच कुलूपबंद. ज्यांची रोजंदारी थांबली त्यांना त्या महिन्यात शिधा पोहोचवणाऱ्यांत कुवेती धर्मादाय संस्था होत्या, भारतीय मंडळं होती, आणि पिशव्या उतरवणारी हौशी पोरं होती, त्यातली कितीतरी रोज्यात. याच काळात परदेशी लोकांची संख्या कमी करा अशी बोलणीही इथे मोठ्याने चालू होती, आणि ती ऐकून मला वाईट वाटायचं. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या. यजमानालाही पाहुण्याची अडचण होते हे मला त्या वर्षी जास्त कळलं, आणि त्यानंतर पॅन्ट्रीच्या कागदाबद्दल कुणी कुरकुर केली की मला ऐकवत नाही.

त्या वर्षी गरगियानही झाला नव्हता. रमजानच्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या रात्री मुलं नटूनथटून, गळ्यात पिशव्या अडकवून, गाणी म्हणत दारोदारी फिरतात, आणि घरोघरी त्यांच्या पिशव्यांत सुकामेवा, गोळ्या, चॉकलेटं पडतात. परक्यांची दारं मुलं शक्यतो टाळतात, लाजून. म्हणून मी आधीच खाली सांगून ठेवते की वर पाठवा. जमियामध्ये, म्हणजे इथल्या सहकारी दुकानात, गरगियानचं मिश्रण किलोवर मिळतं, ते आदल्या आठवड्यातच आणावं, नंतर उरतात फक्त सोललेले न सोललेले शेंगदाणे. शेजारच्या गल्लीतल्या मल्याळी डॉक्टरांची जुळी पोरं आता दिशदाशा (पायघोळ अंगरखा) घालून कुवेती मुलांबरोबरच येतात आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने गातात. मागच्या खेपेला पहिल्याच रात्री माझी चॉकलेटं संपली. उरलेल्या सहा मुलींना घरातले बेदाणे आणि बदाम दिले. एका सहा-सात वर्षांच्या मुलीने पिशवीत वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अरबीत मोठ्या बहिणीला काहीतरी म्हणाली. बहिणीने तिला कोपराने ढोसलं. उद्या परत या, चॉकलेट आणून ठेवते, असं मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा परत आल्या, सोबत आणखी चौघींना घेऊन.